भक्षण निराळें, पचन निराळें

गेल्या दहा वर्षांत वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांतून एक वार्ता वरचेवर येऊन जाते. कोठें परदेशांत प्लास्टिक खाणारी अळी सांपडली, कोठें थर्माकोलवर जगणारा किडा सांपडला, कोठें त्या किड्याच्या आंतड्यांतून प्लास्टिक पचविणारा जंतु वेगळा काढण्यांत आला. वार्ता वाचून घरांतील वडील मंडळी ‘चला, सुटलों एकदांचे’ असा निःश्वास टाकतात, तरुण मंडळी ती चार ठिकाणीं पाठवून देतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुधाची पिशवी, खाऊचें वेष्टन व थर्माकोलचा तुकडा नित्याप्रमाणें कचऱ्याच्या डब्यांत पडतो. ही वार्ता खरी आहे काय? खरी असल्यास कितपत खरी? आणि तिच्यावर भरंवसा ठेवून आपल्या घरचा व्यवहार आहे तसाच चालूं द्यावा काय? या तीन प्रश्नांचा विचार करण्याचें आज आम्हीं योजिलें आहे.

आम्हां दिघीकरांस हा विचार टाळतां येण्यासारखा नाहीं. दिघी हें आळंदीहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावरील जुनें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें. एका बाजूस भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग पसरलेली आहे, आणि तेथें तयार होणारा माल बहुधा थर्माकोलच्या कोंदणांत व पॉलिथीनच्या वेष्टनांत बसूनच प्रवासास निघतो. दुसऱ्या बाजूस मोशी; सबंध शहराचा कचरा तेथें जाऊन पडतो. ज्येष्ठांत माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते, तेव्हां पावसाची सर आली कीं हजारों वारकऱ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद दिसूं लागतात. गरिबाला पावसापासून एवढ्या स्वस्तांत दुसरें कांहीं वांचवीत नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे. पण दिंडी पुढें गेल्यावर फाटलेला कागद मात्र मागें राहतो. मोशी येथें कचरा जाळून वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचें लोकार्पण २०२३ च्या ऑगस्टच्या १ तारखेस झालें, आणि त्यांत दर वर्षीं सुमारें अडीच लक्ष टन कचरा वापरला जावा अशी योजना आहे. वर्षाला अडीच लक्ष टन जाळण्याची योजना ज्या शहरास करावी लागते, त्या शहरास एखादी अळी आपला कचरा खाऊन टाकील ही कल्पना गोड वाटावी, यांत नवल तें काय?

प्रथम प्लास्टिक कुजत कां नाहीं तें पाहूं. आपल्या पिशव्या ज्या पॉलिथीनच्या असतात त्या पदार्थांत कर्बाचे परमाणु एकमेकांचे हात धरून हजारोंच्या रांगेनें उभे असतात. ही सांखळी इतकी लांब व इतकी एकसारखी असते कीं, तिच्यांत पाणी शिरण्यास फट नाहीं व तोडण्यास सोयीचा सांधाहि नाहीं. १९३३ सालीं इंग्लंडांत नॉर्थविच येथील प्रयोगशाळेंत फॉसेट व गिब्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या हातून, दुसराच एक प्रयोग चालू असतांना, हा पदार्थ अकस्मात् निर्माण झाला. म्हणजे त्याचें वय अद्याप शंभर वर्षेंहि भरलेलें नाहीं. पानें, लांकूड, हाडें, केंस यांना कुजविणारे जंतु सृष्टींत लक्षावधि वर्षांपासून आहेत; या नव्या पाहुण्याची ओळख करून घेण्यास त्यांना अवधिच मिळालेला नाहीं.

आतां जें आपल्याला पचत नाहीं तें पोटांतील जंतूंकडून पचवून घेणें, ही युक्ति प्राणिसृष्टींत नवी नाहीं. गाय गवत खाते असें आपण म्हणतों; परंतु गवतांतील चिवट तंतु पचविणारें द्रव्य गाईच्या स्वतःच्या शरीरांत तयार होत नाहीं. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. ते गवत कुजवितात व त्यांतून निघणाऱ्या रसावर गाईचें पोषण होतें. आपल्या दाराच्या चौकटी पोखरणाऱ्या वाळवीचेंहि तेंच. अशा सोबत्यांच्या साह्यावांचून तिला लांकूड पचत नाहीं. तेव्हां ‘अळीच्या आंतड्यांत प्लास्टिक पचविणारा जंतु असूं शकेल काय?’ हा प्रश्न वेडगळ नाहीं. शास्त्रज्ञांनीं तो गंभीरपणें विचारला, आणि विचारण्यास कारणहि तसेंच घडलें.

मधमाश्या पाळणारांस मेणकिडा चांगला परिचित आहे. एका करड्या पतंगाची ही अळी. पोळें दुर्बळ झालें कीं ती आंत शिरते व मेणाचीं घरें पोखरून तेथें जाळें विणते. संस्कृतांत मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असा अर्थपूर्ण शब्द आहे; मधाचें जें उष्टें उरतें तें मेण. या उष्ट्यावर जगणारी ही अळी. स्पेनमधील संशोधिका फेदेरिका बेर्तोक्कीनी यांना मधमाश्या पाळण्याचा छंद होता. पोळ्यांतून काढलेल्या अळ्या त्यांनीं प्लास्टिकच्या पिशवींत टाकल्या, आणि थोड्या वेळानें पाहतात तों पिशवीला जागोजाग भोकें! पुढें केंब्रिज येथील संशोधकांच्या साह्यानें त्यांनीं प्रयोग केला व २०१७ सालीं प्रसिद्ध केला. सुमारें शंभर अळ्यांनीं बारा तासांत ९२ मिलिग्रॅम प्लास्टिक नाहींसें केलें, असा त्यांचा निष्कर्ष होता. मेणांतहि कर्बाच्या लांब सांखळ्या असतात; म्हणून मेण पचविणाऱ्या जीवास पॉलिथीनहि पचत असावें, हें अनुमान सयुक्तिक दिसत होतें.

याच्या आधींच चीनमधील संशोधकांनीं ही वाट चोखाळली होती. बीजिंग येथील जुन यांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं धान्याच्या पिठांत होणाऱ्या एका पतंगाच्या अळीच्या आंतड्यांतून पॉलिथीन झिजविणारे दोन जंतु वेगळे काढले. या पतंगाचें इंग्रजी नांव ‘इंडियन मील मॉथ’ असें असल्यामुळें आपल्यापैकीं कोणी अभिमान बाळगूं नये. १८५६ सालीं एसा फिच या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानें तें नांव ठेविलें, आणि अमेरिकेंत ‘इंडियन मील’ म्हणजे मक्याचें पीठ! हिंदुस्थानशीं त्याचा संबंध नाहीं. आमच्या वाचकभगिनींना मात्र त्याचे भाऊबंद ओळखीचे आहेत. तांदुळाच्या डब्यांत दाण्यांची जाळी धरते ती ज्या अळीमुळें, ती याच जातकुळींतली. तिच्याविषयींहि २०१९ सालीं भारतीय संशोधकांनीं निबंध लिहून ती पॉलिथीन झिजविते असें नमूद केलें आहे.

येथवर वाचून कोणासहि वाटेल कीं प्रश्न सुटला. पण येथेंच खरा प्रश्न सुरू होतो. भक्षण निराळें आणि पचन निराळें. उंदीर पुस्तक कुरतडतो म्हणून तो विद्वान् होत नाहीं, इतकेंच नव्हे, तर तें पुस्तक त्याच्या अंगींहि लागत नाहीं. अळीनें पिशवीला भोक पाडलें, म्हणजे तिनें प्लास्टिक चावून बारीक केलें एवढेंच सिद्ध झालें. तो चुरा तिच्या पोटांतून जसाच्या तसा बाहेर पडत असेल, तर तें काम उपकाराचें न होतां अपकाराचेंच होईल. कारण डोळ्यांना दिसणारी पिशवी उचलतां येते, परंतु मातींत मिसळलेला सूक्ष्म चुरा कोण वेंचणार? बेर्तोक्कीनी यांच्या निबंधावर त्याच वर्षीं जर्मनींतील माइन्झ येथील रसायनशास्त्रज्ञांनीं हाच आक्षेप घेतला. प्लास्टिक पालटल्याच्या म्हणून ज्या खुणा दाखविण्यांत आल्या, त्या अळ्यांच्या अंगांतील प्रथिनें व चरबी यांचा लेप बसल्यानेंहि दिसूं शकतील, असें त्यांचें म्हणणें होतें.

मग पचनाचा पुरावा कोणता मानावा? या बाबतींत २०१५ सालचा एक प्रयोग मोठा उद्बोधक आहे. चीनमधील त्याच संशोधकांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साह्यानें पिठांतील भुंगेऱ्याच्या अळ्यांना केवळ थर्माकोल खावयास घातला. थर्माकोलांतील कर्बावर त्यांनीं आधीं एक प्रकारची खूण करून ठेविली होती. तो खूण केलेला कर्ब अळ्यांच्या श्वासांतून कर्बवायूच्या रूपानें बाहेर पडला. म्हणजे थर्माकोलाचा कांहीं भाग खरोखरच मोडला गेला. सोळा दिवसांच्या हिशोबांत खाल्लेल्या कर्बाचा सुमारें ४८ टक्के भाग वायुरूपानें गेला व जवळजवळ तितकाच विष्ठेंतून पडला. दुसरा पुरावा असा: त्या अळ्यांना जेंटामायसिन हें जंतुनाशक औषध देऊन पोटांतील जंतु मारले, तेव्हां त्यांची थर्माकोल मोडण्याची शक्ति नाहींशी झाली. तिसरा पुरावा म्हणून त्यांनीं एक जंतु आंतड्यांतून काढून निराळा वाढविला. त्यानें साठ दिवसांत थर्माकोलाच्या तुकड्यांचें वजन सुमारें ७ टक्क्यांनीं कमी केलें.

हा शेवटला आंकडा वाचकांनीं नीट लक्ष्यांत ठेवावा. अळीच्या पोटांत जें काम एका दिवसाच्या आंत होतें, तें एकट्या जंतूला साठ दिवसांतहि उरकत नाहीं. अळीचे दांत, लाळ, आंतड्यांतील ऊब आणि जंतूंचा समुदाय हीं सर्व मिळून तें काम होतें. एकत्र कुटुंबांतील एकाच माणसाला वेगळें काढून सगळ्या घराचें काम सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. यांपैकीं लाळेवर बेर्तोक्कीनी यांनीं पुढें विशेष लक्ष पुरविलें. मेणकिड्याच्या लाळेंतच प्लास्टिक मोडणारीं दोन द्रव्यें आहेत असें त्यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि ग्रीक व रोमन धान्यदेवतांवरून त्यांस दिमीत्रा व सिरीस अशीं नांवें दिलीं. परंतु २०२४ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं फेरतपासणी केली, तेव्हां पॉलिथीन मोडण्याचा तो गुण त्यांच्या प्रयोगांत आढळला नाहीं. वर्तमानपत्रांनीं पहिल्या वार्तेस जितकी जागा दिली, तिच्या शतांशहि या दुसरीस दिली नाहीं. शास्त्राची चाल अशीच असते. एक पाऊल पुढें, आणि पुढचें टाकण्यापूर्वीं पहिलें घट्ट बसलें आहे कीं नाहीं याची पुनः चांचणी. उतावळेपणा असतो तो वाचणारांचा.

आतां थोडें गणित करूं. भुंगेऱ्याच्या शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खातात असें त्या प्रयोगांत आढळलें. या हिशोबानें एक किलो थर्माकोल संपविण्यास शंभर अळ्यांना सत्तर ते ऐंशी वर्षें लागतील, आणि अळीचें आयुष्य तर कांहीं महिन्यांचें! मेणकिडा अधिक चपळ. समजा, दुधाच्या एका रिकाम्या पिशवीचें वजन तीन ग्रॅम आहे. बेर्तोक्कीनी यांचा आंकडा जसाच्या तसा खरा धरला, तरी शंभर अळ्यांना ती पिशवी संपविण्यास रात्रंदिवस खाऊन सोळा दिवस लागतील. रोज एकच पिशवी टाकणाऱ्या घरास सोळाशें अळ्या पाळाव्या लागतील. आपल्यासारख्या दहा-बारा माणसांच्या घरांत एका पिशवीवर कधीं भागलें आहे काय? शिवाय त्या अळ्यांचे कोष होतात, कोषांतून पतंग निघतात, आणि ते पतंग पोळ्यांवर जातात. प्लास्टिकच्या नाशासाठीं मधमाशीचा नाश ओढवून घेणें हा सौदा कोणास परवडेल?

अळीच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड विद्यापीठांत क्रिस रिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका मोठ्या जातीच्या अळ्यांचे तीन गट केले. एकास कोंडा, दुसऱ्यास थर्माकोल, आणि तिसऱ्यास उपवास. २०२२ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. थर्माकोल खाणाऱ्या अळ्या जगल्या व त्यांचें वजन किंचित् वाढलें; पण कोंडा खाणाऱ्यांच्या मानानें त्या फारच मागें राहिल्या, आणि त्यांच्या आंतड्यांतील जंतूंचें वैविध्य घटून रोगकारक जंतूंचें प्रमाण वाढल्याचें दिसलें. म्हणजे अळीचें तें अन्न नव्हे. तिचा तो दुष्काळांतला पाला आहे.

तर मग हें संशोधन व्यर्थ काय? मुळींच नाहीं. अळी आपला कचरा खाणार नाहीं. पण कर्बाची सांखळी तुटूं शकते ही गोष्ट तिनें शिकविली. उद्योग उभा राहील तो अळ्यांच्या टोपल्यांवर नव्हे, तर जंतूंपासून मिळणाऱ्या पाचक द्रव्यांवर. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या होतात त्याच्या सांखळींत ठराविक अंतरानें सांधे असतात, आणि ते तोडणें पुष्कळ सोपें. २०१६ सालीं जपानमध्यें साकाई शहरांतील बाटल्यांच्या पुनर्वापराच्या कारखान्याच्या आवारांत असा सांधा तोडणारा जंतु सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. २०२० सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं, पाल्यापाचोळ्याच्या खतांतून प्रथम हातीं आलेलें एक द्रव्य सुधारून, बाटल्यांचें ९० टक्के प्लास्टिक दहा तासांत मूळ घटकांप्रत नेलें. आपल्या देशांतहि ग्रेटर नोइडा येथील शिव नाडर विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं जवळच्या पाणथळींतून थर्माकोलावर वाढणारे दोन जंतु मिळविले. विशेष हें कीं, पिठांतील अळीच्या आंतड्यांत सांपडलेला जंतु आणि हे दोघे एकाच गणांतले आहेत.

कीटकांच्या आंतड्यांतील जंतु शोधण्याची विद्या आमच्या पुण्यासहि अपरिचित नाहीं. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांतील योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डासाच्या आंतड्यांत मिळालेल्या एका जंतूस २००२ सालीं नवी जाति म्हणून नांव दिलें. पुढें अधिक बारीक परीक्षेनंतर ती एका जुन्याच जातींत गणली गेली. यांत कोणासहि कमीपणा नाहीं. अशाच चाळणीवाटे ज्ञान शुद्ध होतें. त्याच संस्थेच्या आश्रयानें आज पुण्यांत जंतूंचा मोठा संग्रह राखला जातो. धान्याचें जसें बियाणें राखावें तसाच तो प्रकार.

आणि पिंपरीचें काय? ज्या पिंपरीच्या कचऱ्याची आज चिंता, तेथेंच १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, व पुढल्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९६१ सालीं तेथील तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध शोधून काढलें. तें ज्या सूक्ष्म जंतूपासून मिळालें, त्याचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! आमच्या गांवच्या शेजारचें नांव जगाच्या जंतुशास्त्रांत असें कोरलें गेलें आहे. तें कार्य वार्ता वाचून निःश्वास टाकणारांच्या हातून झालें नाहीं. मातीचे नमुने घेऊन वर्षानुवर्षें कांचेच्या बशांवर डोळे लावून बसणारांच्या हातून झालें. आज आपल्या घरांतून रसायन व जीवशास्त्र शिकून जीं मुलेंमुली बाहेर पडतात, त्यांच्यापैकीं एखाद्यानें जरी मोशीच्या ढिगाऱ्याकडे त्या दृष्टीनें पाहिलें, तरी आम्ही कृतार्थता मानूं.

तोंवर घरचें कर्तव्य घरींच आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या मार्चच्या २३ तारखेस प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या वस्तु यांवर निर्बंध घातले. १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तूंवर सबंध देशांत बंदी आली. पण कायदा दारापर्यंतच येतो, स्वयंपाकघरांत येत नाहीं. तेथील राज्य गृहिणीचें. बाजारास जातांना कापडी पिशवी खुंटीवरून आठवणीनें घेणें, दुधाची पिशवी कापतांना तिचा कोपरा निराळा तोडून न टाकणें, ती धुवून वाळवून एकत्र सांठविणें व भंगारवाल्याकडे देणें, गणपतीचें मखर कागदापुठ्ठ्याचें करून पुढल्या वर्षासाठीं माळ्यावर जपून ठेवणें, या गोष्टींस कसलेंहि शास्त्र लागत नाहीं. कोपरा निराळा तोडूं नये असें म्हणण्याचें कारण एवढेंच कीं, सबंध पिशवी वेंचणाराच्या हातीं लागते, चिमुकला त्रिकोण मात्र केरांत जातो आणि पुढें मातींत.

आणि मुलांकरितां एक सूचना. तांदुळाच्या पिशवीस अळीनें भोक पाडलेलें आढळल्यास ती लगेच फेंकूं नका. पिशवी काळ्या कागदावर हलकेच झटका आणि बहिर्गोल भिंगानें पाहा. प्लास्टिकचे बारीक कण पडलेले दिसले, तर अळीनें पिशवी कुरतडली इतकेंच समजावें. एकहि कण दिसला नाहीं, तरी पचन झालें असें म्हणूं नका. कण तिच्या पोटांत गेले असतील आणि विष्ठेंतून बाहेर पडले असतील, तेव्हां तेंहि तपासा. भोक दिसलें कीं ‘अळीनें प्लास्टिक पचविलें’ असें म्हणून न थांबतां जो मुलगा कागदावरचे कण मोजावयास बसेल, त्याच्यासाठीं या विषयांत पुष्कळ काम शिल्लक आहे.